अंगणातले पक्षी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस ओसरून थंडीची चाहूल लागली की या सदराकडे पक्ष्यांची पत्रं वाढतात. काही नवे पाहुणे दिसू लागतात, ओळखीचे काही दिसेनासे होतात, आणि दाणे-पाण्याचं काय करावं हा प्रश्न पुन्हा वर येतो. काही पत्रं जागेअभावी आटोपती घेतली आहेत.

प्रश्न: ऑक्टोबरच्या शेवटापासून आमच्या परसात चिमणीएवढा काळसर पक्षी रोज येतो. कुंपणाच्या खांबावर बसून सारखा वाकतो आणि शेपटी थरथरवतो. पोट नारिंगी आहे. बाजरी टाकली तर ढुंकूनही पाहत नाही. हा कोण, आणि याला काय खायला घालावं? (सातारा)

हा थिरथिरा. तुमचं वर्णन नराचं आहे. मादी मातकट तपकिरी असते, पण शेपटीचा नारिंगी रंग आणि ती थरथर तिच्यातही असते, त्यामुळे ओळखायला अडचण येत नाही. हिमालयात आणि मध्य आशियाच्या डोंगराळ भागात वीण आटोपून थिरथिरे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हिवाळ्यात हा पक्षी एकेकटा राहतो आणि आपला तुकडा राखतो, म्हणूनच तुम्हाला तो रोज त्याच खांबावर दिसतो.

गल्लत होते ती दयाळ आणि चिरक यांच्याशी. दयाळ स्वच्छ काळा-पांढरा असतो, नारिंगी अजिबात नाही. चिरक काळा असतो, पण शेपटी पाठीवर उभी धरतो आणि तांबूस रंग फक्त शेपटीच्या बुडाखाली असतो. हे दोघं बारमाही रहिवासी आहेत.

बाजरी ठेवू नका. थिरथिऱ्याला मुंग्या, कोळी, भुंगेरे, अळ्या हव्या असतात आणि ते तो जमिनीवरून टिपतो. तेव्हा परसाचा साधारण एक मीटर रुंद पट्टा हिवाळाभर झाडू नका, पालापाचोळा तसाच राहू द्या. शेजारी दोन-तीन फूट उंचीची काठी रोवा. त्यावर बसून तो खाली झेप घेतो. मुंग्यांची पावडर आणि कीटकनाशकाची फवारणी त्या भागात बंद ठेवा. एवढ्यानं धोबी पक्षी आणि दयाळही त्याच पट्ट्यात उतरू लागतात. स्वच्छ झाडलेलं, फरशी घातलेलं अंगण आपल्याला कितीही आवडो, पक्ष्यांना त्यात काहीच मिळत नाही.

प्रश्न: चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत चिमण्यांसाठी तांदूळ ठेवते. येतात ती फक्त कबुतरं. सोसायटीतूनही तक्रार आली आहे. चिमण्यांपर्यंत दाणे कसे पोहोचवावेत? (ठाणे)

सोसायटीची तक्रार रास्त आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला तो याच कारणानं.

आधी दाणे पूर्ण बंद करा, निदान तीन आठवडे. कबुतरं ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी येतात. मध्येच एक दिवस दाणे मिळाले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या काळात कठडा साफ करताना विष्ठा कोरडी खरवडू नका. पाणी मारून ती भिजवा, तोंडाला मास्क बांधा आणि मग काढा.

त्यानंतर पिंजरा-पात्र करा. वेल्डमेश जाळी घ्या, चौकोन दीड इंची. त्यातून चिमणी आणि मुनिया आरपार जातात, कबूतर अडतं. जाळीची साधारण 45 सेंटिमीटर बाजूची पेटी वळवून घ्या आणि आत मधोमध पसरट थाळी ठेवा. थाळी जाळीपासून सगळीकडून किमान 15 सेंटिमीटर आत हवी, नाहीतर कबूतर बाहेरून मान घालून दाणे ओढतं. बहुतेकांची चूक होते ती इथेच. पेटी तारेनं टांगा, कठड्यावर टेकवू नका.

दाणे सकाळी एकदाच, दोन मोठे चमचे. बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी. तासाभरात संपले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कमी घाला. खाली एक ताटली अडकवा, म्हणजे सांडलेलं खालच्या मजल्यावर जाणार नाही. पाव, फरसाण, शेव, शिळी पोळी नको. मीठ आणि तेल लहान पक्ष्याला झेपत नाही. पावसाळ्यात दाणे बंदच ठेवा. ओलसर दाण्यावर दोन दिवसांत बुरशी धरते आणि तिचं विष पक्ष्यांच्या यकृताला बाधतं. शिवाय त्या दिवसांत बाहेर गवताचं बी आणि किडे मुबलक असतात.

प्रश्न: लाकडी घरटं (पेटी) लावून वर्ष झालं, चिमणी फिरकलीसुद्धा नाही. काय चुकलं असेल? (नाशिक)

पेटीचे फोटो तुम्ही पाठवले आहेत, त्यामुळे नेमकं सांगता येतं.

भोक मोठं आहे. चिमणीसाठी व्यास 3.2 ते 3.5 सेंटिमीटर पुरतो. तुमचं पाच सेंटिमीटरच्या आसपास दिसतं. त्यातून साळुंकी शिरते आणि चिमणी अशा जागेच्या वाटेला जात नाही. पत्र्याची किंवा प्लायची चकती कापून तिला योग्य भोक पाडा आणि ती जुन्या भोकावर स्क्रूनं बसवा. भोकाखालची दांडी काढून टाका. चिमणीला ती लागत नाही. उपयोग होतो तो फक्त बाहेर बसून पिल्लं ओढणाऱ्या कावळ्याला.

पेटी पश्चिमेच्या भिंतीवर आहे. एप्रिलच्या दुपारी आतली हवा बाहेरच्याहून बरीच तापते आणि पिल्लं मरतात. उत्तर किंवा पूर्व बाजू घ्या, सज्जाखाली, जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर. कोकणात आणि घाटमाथ्यावर भोक नैऋत्येकडे मुळीच नको, पावसाचा मारा तिकडूनच येतो. छताच्या पंख्याजवळ तर कधीच नाही.

आतलं माप असं: तळ 15 × 15 सेंटिमीटर, उंची 20 ते 25. भोकाची खालची कड तळापासून किमान 12 सेंटिमीटर वर. पाइनच्या खोक्याच्या फळ्या उत्तम. प्लाय पावसात फुगतो आणि त्याचे थर सुटतात. आतून रंग, व्हार्निश, पॉलिश काही नको. आतली बाजू खडबडीतच हवी, कारण पिल्लं तिला नखं रोवून भोकापर्यंत चढतात. तळाला चार कोपऱ्यांत सहा मिलिमीटरची भोकं पाडा. छप्पर उतरतं आणि पुढे पाच सेंटिमीटर आलेलं हवं. एक बाजू स्क्रूवर उघडती ठेवा. पिल्लं उडून गेली की जुना काडीकचरा काढून पेटी दोन दिवस उन्हात वाळवायची असते, नाहीतर पुढच्या विणीला आत गोचिडी आणि पिसवा तयार असतात.

आता पेटीच्या बाहेरचं कारण, आणि अनेकदा तेच खरं असतं. चिमण्या वसाहतीनं राहतात आणि घरट्यापासून लांब जात नाहीत. तुमच्या गल्लीत, शेजारच्या वाडीत चिमण्या मुळातच नसतील तर पेटी त्यांना कुठून तरी बोलावून आणू शकत नाही. आधी आठवडाभर सकाळी कान द्या. चिवचिवाट असेल तर एकाऐवजी दोन-तीन पेट्या, एकमेकींपासून मीटर-दीड मीटरवर लावा. जवळ मेंदी, बोगनवेल किंवा कोरांटीचं दाट झुडूप असू द्या. चिमण्यांना दिवसभर त्यात जमायला आणि शिकऱ्यापासून लपायला जागा लागते. आणि पिल्लांना पहिले काही दिवस दाणे चालत नाहीत, लागतात त्या अळ्या. बागेत औषध मारलं की अळ्या गेल्या.

चिमणी वर्षातून अनेकदा वीण घालते, पण फेब्रुवारी ते मे हा जोराचा काळ. पेटी डिसेंबर-जानेवारीत लागलेली असावी. 20 मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला पेट्या वाटल्या जातात ते चांगलंच, पण तोवर बऱ्याच जोड्यांनी जागा धरलेल्या असतात.

प्रश्न: काचेसारखा चकाकणारा काळा-जांभळा शिंजीर उन्हाळाभर जास्वंदीवर असतो. पावसाळ्यानंतर तो गायब होतो आणि पिवळट, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला दुसराच पक्षी येतो. ही वेगळी जात आहे का? (सांगली)

तोच तो. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की चकचकीत पिसं टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो. छातीवरच्या मधल्या काळ्या रेघेवरून आणि काळसर पंखांवरून तो नर आहे हे कळतं. साधारण सप्टेंबर ते डिसेंबर हा साधा वेश असतो. जानेवारीपासून अंगावर काळे चट्टे दिसू लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत तो पुन्हा झळकतो. मधल्या अवस्थेतला ठिगळं लावल्यासारखा नर पाहून अनेक जण आजारी पक्षी म्हणून फोटो पाठवतात. तो धडधाकट असतो.

प्रश्न: शिंजिरांसाठी ऑनलाइन लाल रंगाचं साखरपाण्याचं पात्र घेतलं. मुंग्याच येतात. प्रमाण किती ठेवावं? (पुणे)

प्रमाण सांगण्यापेक्षा पात्र बंद करा असंच सुचवू. ती पात्रं अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी बनतात. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो, आपला शिंजीर शक्यतो बसून पितो. पुण्याच्या मार्चमधल्या उन्हात साखरपाणी दिवसभरात आंबतं, मध घातला तर बुरशी आणखी लवकर.

त्या खर्चात झाडं येतात. बाल्कनीत बारा इंची कुंडीत हॅमेलिया लावा. जवळजवळ बारमाही फुलतो, फुलांवर शिंजीर येतात आणि फळांवर बुलबुल. मात्र चार तास ऊन हवं, नाहीतर नुसती पानं वाढतात. साधी एकेरी जास्वंद चालते. गुच्छासारख्या भरगच्च जास्वंदीत मधापर्यंत चोच पोहोचवणं अवघड. जमिनीत जागा असेल तर अडुळसा (थंडीत फुलतो), शेवगा आणि तुती. तुतीची पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली की धरते. कढीपत्त्याला फळं येऊ द्या, दर वेळी शेंडे खुडू नका. पिकलेली काळी फळं बुलबुल आणि कोकीळ एकही शिल्लक ठेवत नाहीत. घाणेरी लावू नका. फुलं-फळं देते हे खरं, पण पक्ष्यांच्या विष्ठेतून तिचं बी टेकड्यांवर पसरतं आणि देशी झुडपं दडपून टाकते.

हिरवळ असलेल्यांसाठी एक फुकटचा उपाय: कोपऱ्यातलं गवत ऑक्टोबर संपेपर्यंत कापू नका. पक्व बियांवर ठिपकेवाल्या मुनियांचे थवे उतरतात.

प्रश्न: फेब्रुवारीपासून दयाळ रोज सकाळी खिडकीच्या काचेवर चोच मारतो. चोच तुटेल अशी भीती वाटते. (कोल्हापूर)

काचेतलं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतो आणि वीण जवळ आली की तो आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. शिंजीर आणि बुलबुलही हेच करतात. चोच सहसा तुटत नाही, पण तो थकतो आणि घरट्याचं काम मागे पडतं. पडदा आतून लावून उपयोग नाही, त्यानं प्रतिबिंब उलट गडद होतं. काचेच्या बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचा दाट फेस फासून वाळू द्या. दोन-तीन आठवडे तसंच ठेवा. स्कूटर-मोटारीच्या आरशांना जुने मोजे घाला.

प्रश्न: उन्हाळ्यात पाणी ठेवतो, पण पक्षी कमी आणि डास जास्त. मांजरही टपून असते. (नागपूर)

विदर्भात दाण्यांपेक्षा पाण्याचं मोल जास्त, तेव्हा सोडू नका, मांडणी बदला.

भांडं मातीचं, पसरट, 35 ते 40 सेंटिमीटर व्यासाचं. कुंडीखाली ठेवतात ती मोठी थाळी चालते. नवी थाळी रात्रभर भिजवून मगच वापरा, नाहीतर पहिल्या दिवशी अर्धं पाणी तीच पिते. स्टील आणि प्लॅस्टिक नको: तापतात, शिवाय निसरडे. पाणी कडेला दोन आणि मध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसावं. बादलीत किंवा उभ्या गंजात लहान पक्षी बुडतात, पिल्लं तर हमखास. मध्ये एक चपटा खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर हवा. चिमण्या, होले त्यावर उतरतात आणि मधमाश्याही बुडत नाहीत.

जागा सावलीची, जमिनीपासून मीटरभर उंच, आणि दाट झुडपापासून किमान दोन मीटर लांब. मांजर झुडपातून झेप घेतं, उघडी जागा मध्ये असली की पक्ष्याला सावध व्हायला वेळ मिळतो. पण वर एखादी फांदी असू द्या. ओल्या पंखांनी लांब उडता येत नाही, अंग झटकायला जवळच बसायला लागतं.

डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उन्हाळ्यात आठवडा ते दहा दिवस लागतात. रोज पाणी ओतून टाकून नवं भरलं तर डास होणंच शक्य नाही. नुसती वरून भर घातली तर होतात, आणि तुमच्याकडे तेच चाललेलं दिसतं. दर तिसऱ्या दिवशी काथ्यानं घासा. साबण नको, त्याच्या अंशानं पिसांवरचं तेल जातं. शेवाळ धरलं तर थाळी कडक उन्हात पूर्ण वाळवा. भरायच्या वेळा दोन: सकाळी सातच्या आत आणि दुपारी दोनच्या सुमारास. दुसरी वेळ बहुतेक जण चुकवतात आणि 45 अंशांत थाळी नेमकी तेव्हाच कोरडी पडलेली असते.

पक्षी तरीही कमी आले तर थाळीवर पाण्याची बाटली टांगा आणि बुचाला सुईचं भोक पाडा. दोन-तीन सेकंदांना एक थेंब पुरे. हलत्या पाण्याकडे नाचरा, चष्मेवाला असे झाडातच राहणारे पक्षीसुद्धा उतरतात. हिवाळ्यात पाणी चालू ठेवा, कारण आंघोळ ते तेव्हाही करतात. पावसाळ्यात थाळी पालथी घाला.

प्रश्न: वादळी पावसात पिल्लू खाली पडलं तर उचलावं का? माणसाचा हात लागला की आई टाकून देते म्हणतात. (मालवण)

टाकून देत नाही, हा समज चुकीचा आहे. उचलायचं की नाही हे पिसांवरून ठरवा.

अंगावर पिसं, आखूड शेपटी, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू म्हणजे उडायला शिकणारं. आईबाप जवळच असतात आणि जमिनीवरही भरवतात. मांजर-कुत्र्याचा धोका असेल तरच उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर ते भरवायला येणार नाहीत.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटंच पडलं असेल तर टोपलीला तळाशी भोकं पाडा, आत काथ्या आणि सुकं गवत घाला आणि ती त्याच झाडावर, शक्यतो त्याच उंचीला बांधा. तासभर लांबून पाहा. आईबाप आलेच नाहीत किंवा पिल्लू जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, उबेला, अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. तोवर चोचीत ड्रॉपरनं पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं. दूध, भिजवलेला पाव, भात, काही नको. जवळ ठेवून पाळण्याचा मोह तर नकोच. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली पोपटासह रानपक्षी पाळणं किंवा त्यांची अंडी-पिल्लं काढणं गुन्हा आहे.

संक्रांतीच्या सुमाराला झाडाला अडकलेला मांजा दिसला तर तो लगेच काढून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच बंदी घातली आहे, तरी तो फांद्यांवर महिनोन्‌महिने टिकतो, आणि पक्षी संक्रांतीनंतरही त्यात सापडत राहतात.

प्रश्न: “पेरते व्हा” म्हणतो तो पावशा आणि चातक एकच का? (दापोली)

नाही. पावशा राखाडी, पोटावर आडव्या रेघा, थेट शिकऱ्यासारखा. तो इथलाच, पण एरवी गप्प असतो. मार्चनंतर ओरडू लागतो, स्वर चढवत नेतो आणि पाऊस जवळ आला की रात्रीही थांबत नाही. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला. तो मेअखेर-जूनमध्ये, मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे, आफ्रिकेकडून येतो. दोघंही अंडी दुसऱ्यांच्या घरट्यांत घालतात, आणि तो भार बहुतेक सातभाईंवर पडतो. सप्टेंबरात सातभाईंच्या घोळक्यात वेगळाच दिसणारा, सतत खायला मागणारा पक्षी दिसला तर तो यांच्यापैकी कोणाचं तरी पिल्लू असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न: आमच्याकडची एक साळुंकी डोक्यावर पूर्ण टकली झाली आहे. रोग पसरेल का? (सोलापूर)

पिसं बदलताना किंवा पिसांतल्या सूक्ष्म किडींमुळे असं होतं. अंगाला चोचीनं खाजवता येतं, डोक्याला येत नाही, म्हणून तिथलीच पिसं जातात. माणसाला त्याचा धोका नाही. थाळी रोज घासा, एवढंच. ती खात-उडत असेल तर पकडायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: मुलांना नोंदी ठेवायला लावायच्या आहेत. काय लिहावं? (डोंबिवली)

प्रत्येक पक्ष्याला वहीत एक पान द्या. त्यावर चार रकाने: तारीख, वेळ, किती होते, काय करत होते. हंगामातला पहिला आणि शेवटचा दिवस लाल पेननं लिहायला सांगा. थिरथिरा कधी आला, कोकीळ प्रथम कधी ओरडला, शिंजीर काळा कधी झाला, या तीन तारखांपासून सुरुवात सोपी जाते. “दिसला नाही” हीसुद्धा नोंद आहे, ती मुलं हमखास गाळतात. सुरुवात 5 ते 12 नोव्हेंबरच्या राज्याच्या पक्षी सप्ताहात करा, पाहुणे तेव्हा नुकते आलेले असतात. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा जगभरचा पक्षी मोजणीचा उपक्रम चार दिवस चालतो. भारतातले लोक 2013 पासून त्यात भाग घेतात. एका जागी निदान पंधरा मिनिटं बसून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची. कावळे आणि कबुतरंही मोजायची, त्यांना वगळलं की यादी अपुरी ठरते. दुर्बीण घेणार असाल तर 8 × 42 ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची) घ्या. 20 पट मोठं दाखवणारी हातात धरली की चित्र हलतं आणि मुलं दोन दिवसांत कंटाळतात.